दोन अर्जांमधले एकवीस महिने : पीए प्रवेशाचे एक प्रकरण

अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए, होण्यासाठी अर्ज करणाऱ्या एका मराठी फिजिओथेरपिस्टचे हे प्रकरण आहे. तिचा पहिला अर्ज सप्टेंबर 2022 मध्ये नऊ विद्यापीठांकडे गेला आणि मुलाखतीचे एकही बोलावणे न येता नऊही ठिकाणांहून नकार आला. दुसरा अर्ज जून 2024 मध्ये सात ठिकाणी गेला. तीन मुलाखती झाल्या आणि एके ठिकाणी जागा मिळाली. दरम्यानच्या एकवीस महिन्यांत तिची हुशारी वाढली नाही, की तळमळही. ती दोन्ही पहिल्यापासूनच होती. मी न्यू जर्सीत पीए म्हणून काम करते. तिचे दोन्ही अर्ज मी वाचलेले आहेत आणि पहिल्या अर्जातील एक मोठी चूक माझ्या सल्ल्यामुळे झाली होती, म्हणून हे सगळे तिच्या संमतीने तपशिलात लिहीत आहे. तिचे नाव, गाव आणि संस्थांची नावे हेतुपुरस्सर गाळली आहेत.

पश्चिम महाराष्ट्रातील एका महाविद्यालयातून तिने साडेचार वर्षांचा बी.पी.टीएच., म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचा, अभ्यासक्रम पूर्ण केला, तीन वर्षे एका रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात नोकरी केली आणि लग्नानंतर ती पतीबरोबर न्यू जर्सीत आली. पती नोकरीच्या एच-1बी व्हिसावर, ती जोडीदारासाठीच्या एच-4 व्हिसावर. पतीच्या ग्रीन कार्डाचा एक टप्पा मंजूर झालेला असल्यामुळे, 2015 मध्ये लागू झालेल्या नियमानुसार, तिला काम करण्याचा परवाना मिळाला होता. मुलगी लहान होती. अमेरिकेत फिजिओथेरपिस्टचे शिक्षण आता डॉक्टरेट पातळीचे असते, त्यामुळे परदेशी पदवीधराला आपले शिक्षण त्याच्या तोडीचे आहे हे विषयवार सिद्ध करून, कमी पडलेले विषय भरून काढून, मग राष्ट्रीय परीक्षेला बसावे लागते. तो मार्ग तिने तपासला होता. परंतु रुग्णाचे निदान कसे होते, औषध कोणते आणि का दिले जाते, ह्या प्रश्नांपाशी आपले काम नेहमी थांबते, ही खंत तिला भारतातच जाणवू लागली होती. पीएकडे वळण्याचे कारण ते होते, आणि ते खरे होते.

तिच्या सासरी मात्र ‘असिस्टंट’ ह्या शब्दाने गोंधळ उडाला. इतके शिकून डॉक्टरच्या हाताखाली मदतनीस व्हायचे का, असा सासऱ्यांचा प्रश्न होता आणि तो आपुलकीतून आलेला होता. वास्तविक पीए रुग्णाला तपासतो, निदान करतो, औषधे लिहून देतो, शस्त्रक्रियेत सहभागी होतो. किती स्वातंत्र्याने, हे त्या त्या राज्याचा कायदा ठरवतो. भारतातही ह्या पेशाचे शिक्षण 1992 मध्ये चेन्नईत सुरू झाले आणि 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात त्याचा समावेश आहे, पण आपल्याकडच्या घरांत त्याची ओळख अजून नाही. अमेरिकेतील पीएंच्या राष्ट्रीय संघटनेनेसुद्धा 2021 मध्ये ‘असिस्टंट’ऐवजी ‘असोसिएट’ हा शब्द स्वीकारला, त्यामागे हाच गैरसमज होता.

ह्या पेशाचा जन्म कसा झाला हे सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. 1965 मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी पहिली तुकडी घेतली ती नौदलातील माजी कॉर्प्समनांची, म्हणजे वैद्यकीय मदतनीस सैनिकांची. ह्या लोकांनी युद्धनौकांवर आणि छावण्यांत रुग्ण हाताळलेले होते. त्यांच्याकडे पदवी नव्हती, पण हात होता. त्या हाताला दोन वर्षांचे वैद्यकीय शिक्षण दिले तर डॉक्टरांचा तुटवडा काही अंशी भरून निघेल, हा विचार त्यामागे होता. 1967 मध्ये त्यांतील तिघे उत्तीर्ण झाले. आज हे शिक्षण पदव्युत्तर आहे, साधारण 27 महिन्यांचे आहे आणि मान्यताप्राप्त कार्यक्रमांची संख्या 300 च्या आसपास आहे. तरीही आधी रुग्णाजवळ काम केलेला माणूस घ्यायचा, ही मूळ अपेक्षा टिकून आहे. प्रवेश समिती अर्जात तो ‘हात’ शोधते. पहिल्या अर्जात तो समितीला दिसलाच नाही.

पहिला अर्ज

बहुतेक सर्व कार्यक्रमांचे अर्ज कास्पा ह्या एकाच केंद्रीय सेवेमार्फत जातात. दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस नवे चक्र सुरू होते. अर्जदाराने गुणपत्रके, अनुभवाचे तास, शिफारसपत्रे आणि आत्मनिवेदन एकदाच भरायचे आणि विद्यापीठे निवडायची. अनेक ठिकाणी अर्ज जसे येतील तसे वाचले जातात आणि मुलाखतीच्या जागा तशाच भरत जातात. ‘अंतिम मुदत सप्टेंबरअखेर’ असे लिहिलेले असले तरी जूनमध्ये आलेला अर्ज आणि सप्टेंबरमध्ये आलेला अर्ज ह्यांच्यासमोर सारख्या जागा शिल्लक नसतात. भारतातील प्रवेशांत मुदतीच्या आत भरलेले सगळे अर्ज एकाच यादीत लागतात, ह्या सवयीमुळे तिने मुदतीवरच नजर ठेवली. त्यातच भारतातील गुणपत्रकांचे अमेरिकी शिक्षणाशी तुलना करणारे मूल्यमापन होऊन येण्यास अपेक्षेपेक्षा बराच उशीर झाला, आणि सप्टेंबरचा दुसरा आठवडा उजाडला.

परंतु उशीर हे नकाराचे सर्वांत लहान कारण असावे असे मला वाटते. खरे कारण गुणांच्या रकान्यात होते. परदेशातील अभ्यासक्रमाचे गुण कास्पा आपल्या सरासरीत धरत नाही. साडेचार वर्षांत तिने शरीररचनाशास्त्रापासून मज्जासंस्थेपर्यंत जे काही शिकले, त्याचा त्या सरासरीत एकही आकडा उमटला नाही. उमटले ते फक्त इथल्या कम्युनिटी कॉलेजमधले, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयातले, दोन विषय: शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचा पहिला भाग, 4 क्रेडिट, श्रेणी बी वजा, आणि संख्याशास्त्र, 3 क्रेडिट, श्रेणी ए. बी वजाचे 2.7 आणि एचे 4.0 धरून सरासरी आली 4 पैकी 3.26. जी मुलगी शवविच्छेदन करून हा विषय शिकली होती, तिला त्याच विषयात बी वजा पडला, कारण ‘हे तर आपल्याला येतेच’ असे समजून तिने तो ऑनलाइन घेतला आणि प्रयोगाच्या चाचण्या मुलीच्या आजारपणात दिल्या. समितीने जे पाहिले ते असे: एकूण सात क्रेडिट, आणि त्यांतील सर्वांत महत्त्वाच्या विषयात सर्वांत कमी श्रेणी.

शिवाय नऊपैकी पाच कार्यक्रमांची अट होती की सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि शरीररचनेचे दोन्ही भाग अमेरिकेतील मान्यताप्राप्त महाविद्यालयातूनच झालेले असावेत. पदवीचे मूल्यमापन स्वीकारणे ही एक गोष्ट आणि त्या पदवीतील विषय पूर्वअट म्हणून स्वीकारणे ही वेगळी गोष्ट, हा भेद त्या संकेतस्थळांवर स्पष्ट लिहिलेला होता. एका विद्यापीठात तर ग्रीन कार्ड नसलेल्यांना प्रवेशच नव्हता. म्हणजे नऊपैकी सहा अर्ज पाठवण्यापूर्वीच बाद झालेले होते. पहिल्या अर्जाचे शुल्क पावणेदोनशे डॉलरच्या वर आणि पुढच्या प्रत्येकाचे साठच्या आसपास, हा हिशेब लक्षात घेतला तर ही चूक किती महागात पडली ते कळते.

आता माझी चूक. अनुभवाच्या रकान्यात काय लिहावे असे तिने विचारले, तेव्हा मी तिला म्हटले की तीन वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केले आहेस, ते भरपूर आहे, दुसरे काही करण्याची गरज नाही. त्या भरवशावर तिने एकच नोंद केली: 6,200 तास, आणि खाली दोन ओळी, ‘रुग्णांना व्यायाम करण्यास मदत केली, अहवाल ठेवले’. हा आकडा कसा आला हे मी नंतर विचारले, तेव्हा कळले की त्यात इंटर्नशिपचे काही तास धरलेले होते. शिक्षणाचाच भाग असलेले तास बहुतेक कार्यक्रम अनुभव म्हणून मोजत नाहीत. पाच वर्षांपूर्वी, दुसऱ्या देशात, ज्याची पडताळणी करणे अवघड आहे असा अनुभव, आणि त्याचे वर्णन असे की कोणत्याही व्यायामशाळेतल्या मदतनिसालाही लागू पडावे. प्रत्यक्षात तिने पक्षाघाताच्या रुग्णांना पहिल्यांदा उभे केले होते, अतिदक्षता विभागात छातीतला कफ मोकळा करण्याचे उपचार दिले होते, कोणत्या रुग्णाला आज चालवायचे नाही हा निर्णय स्वतः घेतला होता. ह्यातले एक अक्षरही अर्जात नव्हते. आपण स्वतःच्या कामाबद्दल बोलताना ‘मदत केली’ असे सहज म्हणतो. तो आपला विनय असतो. समिती त्या शब्दाचा सरळ अर्थ घेते.

शिफारसपत्रे तीन होती: भारतातील महाविद्यालयाचे प्राचार्य, पतीच्या ओळखीचे एक डॉक्टर, आणि संख्याशास्त्राचे प्राध्यापक. तिघांपैकी कोणीही तिला रुग्णाजवळ काम करताना पाहिलेले नव्हते. पीएचे पत्र नव्हते.

आत्मनिवेदनाला 5,000 अक्षरांची मर्यादा असते, मोकळ्या जागा धरून. तिच्या निवेदनातील 3,000 हून अधिक अक्षरे आजोबांच्या अर्धांगवायूवर खर्च झाली होती. ते लेखन मनापासून केलेले होते, वाचताना माझा गळा दाटून आला होता, आणि म्हणूनच मी त्यात काही बदल सुचवला नाही. पीए हा शब्द शेवटच्या परिच्छेदात पहिल्यांदा येत होता. निवेदनातून ती उत्तम फिजिओथेरपिस्ट का झाली ते कळत होते. तिला पीए का व्हायचे आहे ते कळत नव्हते.

मधला काळ

मार्च 2023 पर्यंत नऊही नकार आले होते. ती माझ्याकडे आली ती रडण्यासाठी नव्हे, वही घेऊन. ‘ताई, मला एकेक रकाना समजावून सांगा,’ असे ती म्हणाली. आम्ही त्या दिवशी सात तास बसलो. दोन कार्यक्रमांनी नाकारलेल्या अर्जदारांसाठी थोडक्यात अभिप्राय देण्याची सोय ठेवली होती. त्या दोन्ही अभिप्रायांत एकच गोष्ट होती: अलीकडचे, इथले, थेट रुग्णसेवेचे काम.

विषयांचा प्रश्न कष्टाचा होता, पण सरळ होता. त्या वसंत सत्रात तिने शरीररचनेचा दुसरा भाग आणि रसायनशास्त्राचा पहिला भाग आधीच घेतलेला होता. पुढच्या शरद सत्रात रसायनशास्त्राचा दुसरा भाग व सूक्ष्मजीवशास्त्र, आणि 2024 च्या वसंत सत्रात सेंद्रिय रसायनशास्त्र व मानसशास्त्र. सगळे प्रत्यक्ष वर्गात, प्रयोगशाळेसह. बी वजा पडलेला विषय पुन्हा घ्यावा का, ह्यावर आमचा बराच विचार झाला. पुन्हा घेतला तरी कास्पा दोन्ही श्रेणी मोजते, जुनी पुसली जात नाही. त्यापेक्षा त्याच विषयाच्या दुसऱ्या भागात ए मिळवणे अधिक बोलके ठरेल असे ठरले, आणि तिने तो मिळवला. शेवटी 30 क्रेडिट झाले आणि सरासरी 3.69 वर आली.

कामाचा प्रश्न मनाला लागणारा होता. परवाना नसताना इथे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करता येत नाही. वैद्यकीय मदतनीस, रुग्णवाहिकेवरील तंत्रज्ञ, नर्सिंग असिस्टंट असे पर्याय होते, आणि मुलीच्या शाळेच्या वेळा पाहता त्यांतला शेवटचाच जमणारा होता. नर्सिंग असिस्टंटच्या प्रशिक्षणाला केंद्रीय नियमानुसार किमान 75 तास लागतात. न्यू जर्सीत त्याहून थोडे अधिक. काम म्हणजे वृद्धांना आंघोळ घालणे, डायपर बदलणे, भरवणे, कूस वळवणे, रक्तदाब व नाडी मोजणे. आपल्याकडे ही कामे आया आणि वॉर्डबॉय करतात, आणि फिजिओथेरपिस्टच्या मनात ती उतरंड किती खोल रुजलेली असते हे मला ठाऊक आहे. तिने हे काम घरी भारतात कळवले नाही. मला ते अयोग्य वाटले नाही. प्रत्येक लढाई एकाच वेळी लढता येत नाही. सप्टेंबर 2023 पासून एका नर्सिंग होममध्ये ती आठवड्याला 28 तास, बहुतांशी रात्री आणि शनिवार-रविवारी, काम करू लागली. जून 2024 पर्यंत 40 आठवड्यांत 1,120 तास झाले.

ह्या काळातील एक रात्र महत्त्वाची आहे. पहाटे चारच्या सुमारास, एका मधुमेही आजींची कूस बदलताना, तिला त्यांच्या डाव्या टाचेवर दोन रुपयांच्या नाण्याएवढी लाली दिसली. तिने बोटाने दाबून पाहिले. दाबल्यावरही तिथली कातडी पांढरी पडेना. बेडसोअरची ही पहिली पायरी असते हे तिला पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत होते. पण इथे ती नर्सिंग असिस्टंट होती. निदान लिहिणे तिच्या अधिकारात नव्हते. तिने टाच उशीवरून अधांतरी ठेवली, नर्सला बोलावले आणि जे दिसले तेवढेच सांगितले: जागा, आकार, दाबल्यावर रंग बदलत नाही, काल रात्री नव्हते. सकाळी फेरीला आलेल्या पीएने टाच पाहिली आणि मग, तिच्या अपेक्षेबाहेर, पायाच्या पाठीवरची नाडी शोधली. ती क्षीण होती. दुसऱ्या पायाशी तुलना केली. केवळ दाबामुळे झालेली जखम की रक्तपुरवठाही कमी आहे, हा प्रश्न त्याने उपस्थित केला, पायाच्या रक्तप्रवाहाची तपासणी लिहून दिली, टाचेसाठी खास पादत्राण मागवले, औषधांची यादी पाहिली आणि एका मुद्द्यावर डॉक्टरांना फोन लावला. हे सगळे पंधरा मिनिटांत झाले. ती पाणी बदलण्याच्या निमित्ताने खोलीत थांबून राहिली होती. तिने मला नंतर सांगितले की लाली तिलाही कळली होती, नाडी मात्र तिला सुचली नव्हती, आणि जे सुचले नाही तेच शिकण्यासाठी आपण अर्ज करतो आहोत हे तिला त्या क्षणी समजले.

त्याच पीएसोबत पुढे तिने, संस्थेच्या परवानगीने, सुट्टीच्या दिवशी 32 तास निरीक्षण केले. त्याचेच शिफारसपत्र दुसऱ्या अर्जात होते.

दुसरा अर्ज

ह्या वेळी यादी आधी, अर्ज नंतर. तिने एका तक्त्यात चाळीसेक कार्यक्रम घेतले आणि तीन प्रश्नांवर गाळले: परदेशी पदवी मूल्यमापनासह चालते का, एच-4 वरील विद्यार्थ्याला घेतात का, आणि राष्ट्रीय प्रमाणन परीक्षेसाठी लागणारी मान्यता पूर्ण स्वरूपाची आहे की परिविक्षेवर, म्हणजे त्रुटींमुळे देखरेखीखाली, आहे. जिथे उत्तर लिहिलेले नव्हते तिथे तिने प्रवेश कार्यालयाला पत्र लिहून विचारले. सात उरले. मूल्यमापनाचा अहवाल तिने फेब्रुवारीतच मागवून ठेवला होता, शेवटच्या सत्राच्या श्रेण्या मेअखेर आल्या आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज गेला.

अनुभवाच्या नोंदी वेगळ्या केल्या. भारतातील नोकरीचे तास पुन्हा मोजले: 42 तासांचा आठवडा, वर्षाला 48 आठवडे, तीन वर्षे, म्हणजे 6,048, इंटर्नशिप वगळून. वर्णनात ‘मदत केली’ हे क्रियापद एकदाही आले नाही. तपासले, ठरवले, उभे केले, थांबवले, डॉक्टरांना कळवले, अशी क्रियापदे आली, आणि त्यांतले प्रत्येक खरे होते. नर्सिंग होमच्या नोंदीत उलट काळजी घ्यावी लागली: तिथे तिने निदान केले असा भास कुठेही होऊ नये म्हणून ‘निरीक्षण करून नर्सला कळवले’ असेच लिहिले. आपल्या अधिकाराची रेषा कुठे होती हे ज्याला नेमके सांगता येते, त्याच्यावर उद्या मोठा अधिकार सोपवणे समितीला सोपे जाते, असे माझे मत आहे.

आत्मनिवेदनाची सुरुवात टाचेपासून झाली. आजोबा राहिले, पण चार वाक्यांत. मधला भाग नाडीचा होता, आणि फिजिओथेरपीने काय दिले व कुठे थांबवले ह्याचा. पहिल्या अर्जाच्या अपयशाबद्दल काही कार्यक्रम थेट विचारतात की तेव्हापासून काय बदलले. तिथे तिने सबबी न देता विषय, तास आणि यादीची चूक असे तिन्ही मुद्दे लिहिले.

पहिली मुलाखत ऑगस्टमध्ये झाली आणि ती बिघडली. छोट्या छोट्या खोल्यांत पाच-सहा मिनिटांचे प्रसंग देऊन उत्तर मागण्याची पद्धत तिच्यासाठी नवी होती. ती घाईने निष्कर्षावर जात राहिली. तिथून नकार आला. दुसऱ्या मुलाखतीपूर्वी आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, ओव्हनच्या घड्याळावर वेळ लावून, रोज रात्री दोन प्रसंग बोलून पाहिले. सप्टेंबरमध्ये तिला एका प्राध्यापिकेने विचारले की स्वतंत्रपणे उपचार करणारी व्यक्ती असताना नर्सिंग असिस्टंट म्हणून आदेश घेणे कसे वाटले. तिने सांगितले की पहिले दोन महिने अपमान वाटला, आणि मग एका आजोबांना भरवताना लक्षात आले की चमचा त्यांच्याच हातात देऊन मनगटाला आधार दिला तरच ते खातात, आणि ही गोष्ट त्यांच्या कागदपत्रांत कुठेही नाही. त्यानंतर ती कामावर वही घेऊन जाऊ लागली. ह्याच विद्यापीठाने नोव्हेंबरमध्ये जागा देऊ केली. तिसऱ्या ठिकाणी प्रतीक्षायादीत नाव लागले, ते तिने नंतर काढून घेतले.

पैशांचा प्रश्न शेवटपर्यंत अवघड राहिला. नागरिक वा ग्रीन कार्डधारक नसल्यामुळे केंद्र सरकारचे शैक्षणिक कर्ज तिला मिळू शकत नव्हते, आणि 27 महिन्यांची फी एक लाख डॉलरच्या पुढे होती. एका खासगी कर्जदात्याने नागरिक असलेला सहकर्जदार मागितला. पतीच्या एका जुन्या सहकाऱ्याने सही केली, आणि ती सही मागायला जाताना पती-पत्नी दोघेही गाडीत बराच वेळ गप्प बसून होते, असे तिने मला सांगितले. उरलेला भाग बचतीतून आणि तिने सोबत आणलेले काही दागिने मोडून उभा राहिला. सासऱ्यांना तोपर्यंत सगळे कळले होते, नर्सिंग होमसुद्धा. दागिने मोडू नका, मी पाठवतो, असे त्यांनी कळवले, पण तिने ते स्वीकारले नाही.

वर्ग जून 2025 मध्ये सुरू झाले. ऑगस्ट 2027 च्या अखेरीस तिचे शिक्षण पूर्ण होईल, मग 300 प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा, आणि त्यानंतर राज्याचा परवाना. पतीच्या ग्रीन कार्डाची पाळी तोपर्यंत येण्याची शक्यता नाही, त्यामुळे तिच्या कामाच्या परवान्याचे नूतनीकरण बरोबर त्याच सुमारास व्हावे लागेल. तो अर्ज कोणत्या तारखेपासून करता येतो, हे तिने मुलीच्या शाळेच्या वेळापत्रकाशेजारी, फ्रिजच्या दारावर, लिहून ठेवले आहे.